मारामारीविना एक्केचाळीस दिवस

नवऱ्याला मी तोंडावर 'अहो' म्हणते. इथे मात्र त्याला 'तो' म्हणणार आहे, कारण ज्या दिवसांबद्दल लिहितेय त्या दिवसांत मी त्याच्यावर इतकी जळत होते, की मानाचं काही हातून उतरतच नाही. जळत होते हा शब्दही मला उशिरा सापडला. आधी मी त्याला 'मुलांची काळजी' म्हणायचे, मग 'शिस्तीचा प्रश्न'. पोटात दुखत होतं, एवढंच खरं होतं.

आकुर्डीजवळच्या एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं शिकवते आहे. पाचवी ते आठवी. मुलं निम्मी इथल्या जुन्या गाववाल्यांच्या घरातली, निम्मी बीड-लातूर-परभणीहून कंपन्यांमध्ये कामाला आलेल्यांची. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना भांडायला कारण लागत नाही, जागा लागते. आमच्याकडे ती जागा म्हणजे पाण्याचे नळ. मधली सुट्टी झाली की तिथे रोज काहीतरी पेटायचं आणि कुणीतरी मला बोलवायला धावत यायचं. भांडणं सोडवणाऱ्या बाई अशी माझी ख्याती होती. मी जायचे, दोघांची मनगटं धरायचे, लांब करायचे, 'सॉरी म्हणा, हात मिळवा' म्हणायचे. पोरं फरशीकडे बघून सॉरी म्हणायची. दहा मिनिटांत निकाल. दुसऱ्या दिवशी तीच पोरं त्याच नळापाशी पुन्हा भिडायची, पण ते मी वेगळं भांडण धरायचे.

नवरा चाकणच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं होता, शेवटची बरीच वर्षं सेफ्टी विभागात. कंपनीनं स्वेच्छानिवृत्ती काढली, त्यानं घेतली आणि तो घरी बसला. बसला म्हणजे काय, माझ्या स्वयंपाकघरात शिरला. तिखट-मिठाच्या डब्यांवर लेबलं लागली. कुकरची शिट्टी वाजताना मी किती अंतरावर उभी असते यावर मला भाषण मिळालं. तीन महिन्यांत मी टेकीला आले. अशात आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना पाठवा ना एकदा, मुलांशी सुरक्षेवर बोलतील." मी दुसऱ्याच दिवशी पाठवला. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हे.

सातवी ब हा माझा वर्ग. त्यानं माझ्याच खुर्चीवर हात ठेवून मुलांना विचारलं, "कंपनीत वरून एक पाना पडला. खाली कुणी नव्हतं. कुणाला लागलं नाही. म्हणजे काय झालं?"

"काही नाही," मुलं म्हणाली.

"असं कसं? पाना पडला ना? आज खाली कुणी नव्हतं. उद्या असेल."

मग त्यानं सांगितलं की याला कंपनीत 'नियर मिस' म्हणतात. होता होता राहिलेला अपघात. तो बघणाऱ्यानं पिवळ्या कार्डावर लिहून पेटीत टाकायचा. लिहिणाऱ्याला कुणी ओरडत नाही. चूक कुणाची हेही विचारत नाहीत. पाना कसा पडला एवढंच शोधतात. हे ऐकताच मागच्या बाकावरून आवाज आला, "काका, माझे पप्पा पण टाकतात कार्ड! त्यांना एकदा टिफिन मिळालेला बक्षीस!" निम्म्या वर्गाचे वडील याच पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये उभे असतात. जी गोष्ट मला कधी ठाऊक नव्हती ती पोरांना घरची होती.

"मग आज सकाळपासून होता होता राहिलेली मारामारी कुणी पाहिली?" त्यानं विचारलं. वीसेक हात वर आले. माझ्या तासाला एका वेळी इतके हात मी कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर तो दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायला लागला. पिवळा रंग दिलेली पत्र्याची पेटी भिंतीला लागली. कार्डावर तीन प्रश्न होते : काय घडलं असतं? कुठे? काय केलं तर घडणार नाही? पेटी उघडायची ती त्यानंच, सकाळी आल्या आल्या. किल्ली हरवली तर असावी म्हणून दुसरी माझ्या कपाटात. आणि कंपन्यांच्या गेटवर अपघाताविना दिवसांचा फलक असतो, तसा एक फळा त्यानं कॉरिडॉरमध्ये टांगला : 'मारामारीविना दिवस'. आकडा खडूनं लिहायचा.

पहिले काही आठवडे आकडा दोन-तीनच्या वर जाईना. मी आनंदानं बघत होते. मग त्याच्या लक्षात आलं की कार्डांत 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा 'नळ' येतंय. तो जाऊन नळ बघून आला. पाच नळांपैकी तीन बंद होते. चारशे पोरं, वीस मिनिटांची सुट्टी आणि दोन नळ. त्यानं प्लंबर आणला, नळ दुरुस्त करून घेतले, आणि जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारून रांगा आखल्या. नळापाशची भांडणं निम्म्यावर आली. बावीस वर्षं मी त्या नळांपाशी पोरांची मनगटं धरली, पण नळ चालू आहेत का हे एकदाही बघितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही केलं, आणि घरी आल्यावर भांडी जरा जोरात घासली.

उरलेल्या भांडणांसाठी तो दोन मुलांना घेऊन ग्रंथालयातल्या छोट्या बाकावर बसायचा. गुडघे हनुवटीपाशी यायचे त्याचे. एकाला विचारायचा, "काय झालं?" ते सांगून झालं की, "त्याच्या आधी काय झालं?" आणि मग गप्प. मध्ये बोलायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही, त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहायचं. मग दुसऱ्याची पाळी. मी खिडकीतून बघायचे. खरा तिळपापड माझा तिथे व्हायचा, आणि तो त्या पोरांवरून व्हायचा, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. लग्नाच्या इतक्या वर्षांत या माणसानं माझं काही असं ऐकलं नव्हतं. पर्यवेक्षिकेची जागा माझ्या हातून गेली तेव्हा मी रडत रडत सांगत होते, तर 'सोड ना आता' म्हणून तो गीझरचं बटण बंद करायला उठला होता. आणि इथे कुणाचं खोडरबर कुणी पळवलं हे तो अर्धा तास ऐकत होता.

त्यात ती मुलगी.

माझ्याच वर्गातली. पाचवीत असताना बीडकडून आली. वडील चाकणला कंत्राटावर, आई तिथल्याच एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. हुशार, कामसू आणि नाकाच्या शेंड्यावर राग. आल्या दिवसापासून ती माझी होती. डबा माझ्या टेबलापाशी खायची, घरातलं सगळं सांगायची, माझ्या वह्यांचा गठ्ठा उचलून न्यायची. वर्गातली एक मुलगी तिच्या बोलण्याची नक्कल करायची. ती 'का'ऐवजी 'कामून' म्हणाली की ही मागून 'कामून गं, कामून' म्हणून वर्गाला हसवायची. नक्कल करणारी गावातल्या जुन्या, वजनदार घरातली. दोनदा माझ्या मुलीनं तिला मारलं होतं. दुसऱ्यांदा मुख्याध्यापिकांनी तिच्या आईला बजावलं होतं, "आता पुन्हा झालं तर तुम्हीच दाखला घेऊन जा." कायद्यानं शाळेला काढता येत नाही, पण पालकाला असं म्हणता येतं आणि तिच्या आईसारखे पालक निमूट दाखला घेऊन जातात. मग पोरगी घरी धाकट्या भावाला सांभाळत बसते. हे आधी आणखी दोन मुलींच्या बाबतीत मी पाहिलं होतं.

माझी मुलगी म्हटलं बघा मी. तर ती दिवाळीनंतर डबा घेऊन माझ्या टेबलाशी येईनाशी झाली. मंगळवारी-शुक्रवारी ती ग्रंथालयाबाहेर घुटमळायची. "काका आले का?" हा प्रश्न ती मलाच विचारायची.

त्या गुरुवारी फळ्यावर एक्केचाळीस आकडा होता. मुख्याध्यापिका म्हणत होत्या की पन्नास झाले की शिक्षण खात्यातल्या मोठ्या साहेबांना बोलवू, काकांचा सत्कार करू. दुपारी वर्ग सुटल्यावर मी कपाटातली किल्ली घेतली आणि पेटी उघडली. कशासाठी? माझ्याबद्दल कुणी काही लिहिलंय का ते बघायला. पाच कार्डं होती. एकावरचं अक्षर मी झोपेतही ओळखलं असतं, मीच वळण लावलं होतं त्याला.

काय घडलं असतं? 'उद्या माझ्या हातून ती मार खाणार. ती उद्या सगळ्यांसमोर माझ्या आईची नक्कल करणार आहे, मला कळलं आहे. मला राग आवरणार नाही.' कुठे? 'नळापाशी, मधल्या सुट्टीत.' काय केलं तर घडणार नाही? 'काकांनी सुट्टीभर माझ्याजवळ उभं राहावं.'

काकांनी.

तिथेच मी पुन्हा पुन्हा ते वाचलं. मग कार्ड दुमडून पर्समध्ये घातलं, बाकीची चार पेटीत टाकली आणि कुलूप लावलं. मनात म्हटलं, उद्या मीच उभी राहीन नळापाशी. भांडण मीच थांबवीन. मग त्या पोरीला कळेल तिचं कोण आहे ते. हे खरंच मनात होतं. आणि फळ्यावरचा तो आकडा एकदा पुसलेला बघावा, हेही होतं. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि कुठलं जास्त होतं ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

शुक्रवारी तो आला, पेटी उघडली, चार कार्डं वाचली. मधली सुट्टी झाली तेव्हा स्टाफरूममध्ये चहा आला होता आणि सगळ्यांनी त्याला आग्रहानं बसवून घेतलं. तो नळांची गोष्ट सांगायला लागला. मी पर्स घेऊन दारापर्यंत गेले होते. तेवढ्यात तो म्हणाला, "खरं म्हणजे याचं श्रेय..." आणि मी थांबले. आता माझं नाव घेईल असं वाटलं. त्यानं श्रेय मुलांना दिलं, मग मुख्याध्यापिकांना, मग प्लंबरला. मी दारात उभी राहून वाट बघत राहिले. माझं नाव आलंच नाही, आरडाओरडा मात्र आला.

माझ्या मुलीनं स्टीलच्या पाण्याच्या बाटलीनं मारलं होतं. त्या दुसऱ्या मुलीची भुवई फुटली होती आणि युनिफॉर्मवर रक्त होतं. मी तिला रिक्षात घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तीन टाके पडले. सगळ्या वाटेवर ती माझा हात धरून होती आणि मी दुसऱ्या हातानं पर्स घट्ट धरली होती. डोळा थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले.

परत आले तेव्हा फळ्यावर शून्य होतं. त्यानंच लिहिलं होतं. मला हवा होता तो आकडा मी बघितला आणि खाली मान घालून पुढे गेले.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत माझी मुलगी कोपऱ्यात उभी होती. जखमी मुलीची आजी खुर्चीत बसली होती, नऊवारीचा पदर खोचून. नवरा खिडकीपाशी होता. मी जाऊन टेबलाच्या कडेला बसले, पर्स मांडीवर.

"आमच्या पोरीचं डोस्कं फोडलं हिनं," आजी म्हणाली. "आमी हितंच जल्मलो, आमाला असलं ठावं न्हाई."

"मी आधी सांगितलं व्हतं," मुलगी म्हणाली. "काका, मी कार्ड टाकलं व्हतं काल. तुमी सुट्टीत माझ्यापाशी थांबा म्हणून."

तो तिच्याजवळ गेला. "बाळा, सकाळी पेटी मीच उघडली. चार कार्डं होती. तुझं नव्हतं."

"टाकलं व्हतं काका."

"नव्हतं गं."

तो खोटं बोलणारा माणूस नाही, त्यामुळे त्या खोलीत खोटं बोलणारी ती एकटीच उरली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मारलं ते मारलं, वर खोटं?" माझ्या तोंडात शब्द आला होता. पण तो उच्चारायचा म्हणजे कार्ड पर्समध्ये कसं आलं हे सांगावं लागणार, नवऱ्यासमोर, मुख्याध्यापिकांसमोर, त्या आजीसमोर. मी गप्प बसले. चाकणहून तिची आई येईपर्यंत दीड तास गेला आणि तो सगळा दीड तास मी गप्प बसले. मध्ये एकदा मुलीनं माझ्याकडे बघितलं. बाई आपल्या बाजूनं काहीतरी बोलतील, असं तिला वाटलं असावं.

आई कॅन्टीनचा ॲप्रन न काढताच आली होती, डोक्यावर केसांची जाळी तशीच. मुख्याध्यापिकांनी दाखल्याच्या अर्जाचा कागद तिच्यापुढे सरकवला. "मारामारी एकवेळ समजून घेतली असती. पण ही आम्हाला सगळ्यांना फसवतेय."

आई वळली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत दिली. "लबाड बोलतीस? तुला शाळंत याच्यासाठी घातली व्हय?" पोरगी रडली नाही. "मी टाकलं व्हतं," एवढंच म्हणाली. आईचा हात पुन्हा उठला.

मी पर्स उघडून कार्ड टेबलावर ठेवलं.

नवऱ्यानं ते उचलून वाचलं. मग त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, माझ्यासमोर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं?"

आवाज चढलेला नव्हता. त्या छोट्या बाकावर बसून विचारायचा तसंच विचारलं त्यानं. मी सांगितलं, की काल पेटी उघडली, कार्ड काढलं.

"त्याच्या आधी काय झालं?"

आणि मी सांगत गेले. नळांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, खिडकीतून बघत उभी राहायचे ते सांगितलं. गीझरचंही सांगितलं. मला तुमचा हेवा वाटला, म्हणाले. त्याच्या मागे चार माणसं ऐकत होती, पण तो मध्ये एक शब्द बोलला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. मी वर्षानुवर्षं जे मागत होते ते मला मिळत होतं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

दाखल्याचा कागद मुख्याध्यापिकांनी परत ओढून घेतला. आजी "मास्तरीण असून?" एवढंच म्हणून उठली. मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो मी खरा दिला. दुसरी किल्ली नवऱ्यानं माझ्याकडून मागून घेतली. मुलीला मारल्याबद्दल शिक्षा झालीच, ती तिनं मान्य केली.

शाळा सुटली तेव्हा ती फाटकाशी उभी होती. आई रिक्षा बघायला पुढे गेली होती. गालावर बोटं उठली होती. मी माफी मागितली, तिनं मान हलवली. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव मेला, तेव्हाही गप्प बसेना. मी विचारलं, "कार्डावर काका का लिहिलंस गं? माझं नाव का नाही लिहिलंस?"

ती जरा गोंधळली. इतकं साधं मी का विचारतेय असं तिला वाटलं असावं.

"आधी तुमचंच लिवणार व्हते बाई," ती म्हणाली. "पण तुमचा गुडघा दुखतो ना. जिन्यात कठड्याला धरून थांबता तुमी. सुट्टीभर उभं ऱ्हायला कसं सांगायचं, म्हणून मग काकांचं लिवलं."

गुडघ्याचं मी घरातही कुणाला बोलले नव्हते. रिक्षा आली, आईनं हाक मारली, आणि ती दप्तर सावरत निघून गेली.